निकडीचा दर

पठारवाडीत ट्रॅक्टरचा दर पूर्वी पाडव्याला ठरायचा. चावडीपुढं सगळे जमायचे, ट्रॅक्टरवाले एका बाजूला, रानवाले दुसऱ्या बाजूला, आणि असा गोंधळ व्हायचा की लिंबावरचे कावळे उठून जायचे. नांगरटीला इतके, ढेकळं फोडायच्या रोटरला इतके, गवत कापायला इतके. एकदा ठरला की वर्षभर तोच दर, सरपंचाला तोच आणि गावाबाहेरच्या म्हातारीलाही तोच. दर दोन्ही बाजूंना थोडाथोडा टोचायचा, म्हणजे तो बरोबर ठरला असं समजायचं. कुणाचं काम आधी करायचं हे मात्र ट्रॅक्टरवाला ठरवायचा, आणि ते तो माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवायचा.

हैबत शेडगे हा असाच एक ट्रॅक्टरवाला. नाव पणजोबांचं. पणजोबांना कुणी भीत असेलही, पण या हैबतला घरातली मांजरसुद्धा भीत नव्हती. तो रांगता असतानाच आई गेली. त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं, रंजनाआक्कानं. तिला गावाच्या वरच्या पठारावर काळेलांच्या वस्तीत दिलेली. पुढं नवरा वारला, मुलगा विराज चाकणला कारखान्यात लागला, आणि आक्का शेरडं, दोन गाई आणि चारी बाजूंचं कमरेएवढं वाळकं गवत यांच्यात एकटी राहिली. शिमग्याच्या आधी दरवर्षी हैबत वर जायचा आणि तिच्या वस्तीभोवती जाळपट्टा कापून द्यायचा. पठारावर वणवा ही ठरलेली गोष्ट. घराभोवतीचं गवत जमिनीबरोबर कापून उचलून टाकलं, की आग तिथवर येते आणि खायला काही मिळत नाही म्हणून थांबते. बहिणीकडून या कामाचे पैसे घ्यायचे हे हैबतच्या स्वप्नातही नव्हतं. ती त्याला पोटभर जेवायला घालायची, वर पोटभर शिव्या घालायची, आणि हिशेब मिटायचा.

मग कंपनी आली.

कंपनीनं बॅटरीवरचे ट्रॅक्टर फुकट दिले. फुकट म्हणजे आपल्याकडं फुकट असतं तसंच. ट्रॅक्टर कंपनीचा, चालवायचा हैबतनं, कमाईत वाटा. काम फोनवर नोंदवायचं, दर कंपनीचं यंत्र सांगणार, आणि नोंदवलेल्या कामाशिवाय ट्रॅक्टर चालूच होणार नाही. कुणाचं काम आधी हेही यंत्रच सांगणार. फोनवर बोलणारा आवाज एका गोड बाईचा होता. गावानं तिचं नाव ठेवलं भावबाई.

कंपनीचा देशमाने नावाचा तरुण चावडीत येऊन सगळं समजावून गेला होता. पोरगा हुशार, बोलायला मऊ.

"दर कशावर ठरणार?" बबन खरातांनी विचारलं. त्यांची ओढ्याकाठी मक्याची रानं होती.

"उतार, दगड, अंतर, बॅटरी, हे तर आहेच काका. पण मुख्य म्हणजे निकड. कुणाला किती गरज आहे ते."

"आन ती कोन सांगनार? समदेच म्हनत्यात माजं आदी."

"तुमचा आवाज सांगणार," देशमाने म्हणाला, आणि त्यानं ते नीट उलगडून सांगितलं. माणूस काळजीत असला की मेंदूकडून गळ्यात येणाऱ्या नसा स्वरयंत्राचे बारीक स्नायू आवळतात. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. पण आवाज म्हणजे दोन स्वरतंतूंचं सेकंदाला शेकडो वेळा होणारं थरथरणं, आणि गळा आवळला की त्या थरथरण्याची लय किंचित मोडते. श्वास लवकर तुटतो. उत्तर देण्याआधीची थांबण्याची जागा बदलते. हा शोध मुळात दवाखान्यांसाठी लागला होता, मनातून खचलेली माणसं वेळीच ओळखावीत म्हणून. यंत्र प्रत्येकाचा रोजचा आवाज साठवून ठेवतं आणि कामाच्या वेळचा आवाज त्याच्याशी ताडून बघतं. जितका फरक, तितकी निकड. जितकी निकड, तितका दर.

"म्हंजे अडला हरी," कुणीतरी मागून म्हणालं.

देशमाने रागावला नाही. "उलट बघा ना. ज्याला खरी गरज तो जास्त देतो, म्हणून ट्रॅक्टर त्याच्याकडं आधी जातो. ज्याला घाई नाही त्यानं थांबावं, त्याला स्वस्त पडेल. यात अन्याय कुठाय?"

खरं सांगायचं तर त्यात खोट काढणं तेव्हा सोपं नव्हतं. आजही ते सोपं नाही.

पहिल्याच हंगामात बबन खरातांचा मका कापून पडला होता आणि आभाळ भरून आलं. त्यांनी फोन केला, मुद्दाम जांभई देत बोलले, तरी भावबाईनं तिप्पट दर सांगितला. ट्रॅक्टर मात्र तासाभरात दारात. मका वाचला, आणि बबन खरात आठवडाभर कंपनीला शिव्या देत फिरले. त्याच दिवशी गावातल्या एका पट्टीच्या पिणाऱ्यानं टाकून फोन केला होता. त्याला निम्मा दर पडला.

गावात चार दिवस यावर हसणं झालं. हैबत हसला नाही. ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या त्याला दिवसभर हेच दर ऐकू यायचे, आणि कुणाचा आवाज स्वस्तात सुटतो हे त्याच्या कानात बसलं होतं. दारूचं काही नव्हतं. गडी स्वतःच्या रानाबद्दल असा बोलला होता की ते जणू तिसऱ्याच कुणाचं रान आहे.

तो पठारावर गेला आणि आक्काला म्हणाला, "तुज्याकडनं पैसं घ्यायची माजी विच्छा न्हाई. पर फुकट काम भावबाई घेतच न्हाई. तवा निदान दर तरी पाड."

"कसा पाडू? गळ्याला धोंडा बांदू?"

"फोनवर असं बोल की वस्ती तुजी न्हाई. गवताचं बोलत असताना गवत मनात आनू नगं. दळण टाकायचंय असं बोल."

आक्का जात्याच हुशार. चारपाच दिवस तिनं शेरडांपुढं सराव केला. फोन लावला तेव्हा भावबाईनं सगळ्यात खालचा दर सांगितला आणि आक्का हसून हसून खाली बसली. ही विद्या मग गावभर झाली. लोक तिला सपाट बोलणं म्हणायला लागले. हैबतच्या ओट्यावर संध्याकाळी शिकवणी भरायची. नवरा आजारी असलेली बाई "रोटर मारायचा व्हता बगा, कवाबी" असं म्हणायची आणि बाकीचे ऐकून सांगायचे, "शेवटाला जरा चढलं. परत म्हन."

कंपनीही झोपलेली नव्हती. दर पडले तसं यंत्र सुधारलं. आता ते फक्त कामाच्या फोनवरचं ऐकेना, फोन खिशात असेल तेव्हाचं सगळंच ऐकायला लागलं. परवानगी प्रत्येकानं अंगठा लावून दिलेलीच होती, वाचली कुणी नव्हती. घरात कडाकडा भांडणारा माणूस कामाच्या फोनवर मऊ बोलला, तर यंत्र समजायचं की हा सोंग करतोय, आणि दर आणखी वाढवायचं. फोन घरी ठेवावा तर त्याच्याशिवाय दूध डेअरीत जाईना आणि रेशन मिळेना. मग एकच वाट उरली. दिवसभर, घरीदारी, सपाटच बोलायचं.

गाव कसं बदललं हे बाहेरच्याला एका दिवसात कळलं असतं. आतल्यांना कळायला दोन वर्षं लागली. पोरगं पडून भोकाड पसरायला लागलं की आई आधी फोन उचलून गोठ्यात ठेवून यायची. नवराबायको भांडायची ती बातम्या सांगितल्यासारखी. गाय व्याली तरी "व्याली" एवढंच. लग्नात नवरीची पाठवणी इतकी शांतपणे झाली की वऱ्हाडी म्हणाले, पोरगी बहुतेक नकोच होती यांना.

हैबतची बायको वनिता एकदा ताट वाढताना म्हणाली, "तुमी माज्यावर रागावलाय का खूश हाय, मला आता कळंना झालंय."

"रागावलो न्हाई," हैबत म्हणाला.

"ह्येबी तसंच बोल्ला," ती म्हणाली आणि आमटी वाढून आत गेली.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. शिमगा अजून लांब होता आणि पठार वाळून पिवळंजर्द झालं होतं. एका सकाळी हैबतच्या फोनवर भावबाईनं नवं काम सांगितलं. रंजना काळेल, जाळपट्टा, निकड अगदी कमी, दर सगळ्यात खालचा, क्रम चौथा. गवत सगळ्याच पठारावर सारखं वाळलेलं, त्यामुळं यंत्राला तिथं फरक दिसत होता तो फक्त आवाजाचा. हैबतला बरं वाटलं. तरी त्यानं आक्काला फोन लावला.

"पट्ट्याचं बोलली व्हतीस न्हवं?"

"व्हय. बग सवडीनं."

"आदीची तीन कामं हायत. बबनदादाचा कडवळाचा चारा कापायचाय, मग दोन रोटर. परवा येऊ?"

"ये की परवा."

"आक्का, घाई न्हाई न्हवं खरंच?"

"न्हाई रं. कशाची घाई."

हैबतनं फोन कानाला घट्ट दाबला. लहानपणी ताप आला की आक्का नुसत्या त्याच्या "आक्का" म्हणण्यावरून कपाळाला हात लावायची. तसं त्यालाही तिचं सगळं आवाजावरून कळायचं. दाजी वारल्यावर तिनं फोनवर "जेवलास का" विचारलं होतं आणि त्याला रडू फुटलं होतं. आता तो कान देऊन ऐकत होता आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला वाटलं, खरंच घाई नसेल, शेरडांच्या कामात असेल. मग तो कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बबन खरातांचं कडवळ कापता कापता त्याला वारं उलटल्याचं जाणवलं. त्यानं मान वर केली तर पठाराच्या कडेवर धूर उभा होता. साधा बांध पेटवल्याचा धूर नव्हता. खालून तांबडा आणि वरून काळा.

ट्रॅक्टर रानाच्या शिवेबाहेर नेला तर बंद पडणार हे त्याला माहीत होतं. तो उडी मारून उतरला, बबन खरातांची मोटारसायकल घेतली आणि घाटानं वर गेला. मागून भावबाई खिशातून सांगत होती की चालू काम अर्धवट सोडल्यास वाटा कापला जाईल.

आग वस्तीवरून पुढं निघून गेली होती. गवतातली आग फार वेळ थांबत नाही, घाईची असते. घराचं छप्पर बसलं होतं. आक्का गोठ्याच्या दाराशी सापडली. गाई तिनं सोडल्या होत्या, त्या खाली ओढ्यात सुरक्षित उभ्या होत्या. शेरडांची दावी सोडायला ती परत आत गेली आणि धुरानं तिला गाठलं. अंगावर फारसं भाजलेलं नव्हतं. पदरानं तोंड बांधलेलं होतं.

हैबत तिच्याजवळ बसला. त्याला हंबरडा फोडायचा होता. आतून काहीतरी उसळून गळ्यापर्यंत आलं आणि तिथं येऊन वाट सापडेना म्हणून परत गेलं. ज्या माणसानं त्याला आईसारखं वाढवलं ते गेलं होतं आणि त्याच्या तोंडातून नुसता श्वास येत होता.

पलीकडच्या वस्तीवरची सुमन काळेल, आक्काची जाऊ, राखेतनं चालत आली. तिचं घर वाऱ्याच्या आडाला होतं म्हणून वाचलं होतं.

"दोन दिस झालं पल्याडच्या डोंगराला धूर दिसत व्हता," ती म्हणाली. "आक्काबाई सारख्या भाईर येऊन बगायच्या. रातीला झोपल्या न्हाईत."

"मग मला सांगायचं की."

"तुमाला फोन केला म्हनल्या. भावाला सांगितलंय, म्हनल्या. येतोय त्यो."

हैबतनं आक्काच्या तोंडावरचा पदर सोडला. जे शिकवलं होतं ते त्यानंच शिकवलं होतं, आणि आक्का त्याची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती.

विराजला कळवायला हवं होतं. मामा म्हणून ते हैबतचंच काम. आपल्याकडं मरणाची बातमी फोनवर कुणी सरळ सांगत नाही. माणूस लांबून गाडी चालवत येणार, वाटेत त्याचं काही बरंवाईट होऊ नये, म्हणून म्हणायचं की तब्येत जरा बिघडलीय, निघून ये. शब्द तेवढेच. बाकीचं सगळं सांगणाऱ्याचा आवाज सांगतो, आणि ऐकणारा ते ऐकून चप्पल न घालता निघतो. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलेलं, म्हणून हैबतनंही तसंच केलं.

"विराज, आईची तब्येत जरा बिघडलीय. निघून ये."

"काय झालंय मामा?"

"बिघडलीय जरा. ये तू."

"बरं. निघतो."

"गाडी सावकाश चालव. घाई करू नगं."

"बरं मामा," विराज म्हणाला. त्याचाही आवाज पठारवाडीचाच, सपाट होता.

पोलीस आले, पंचनामा झाला, तालुक्याला नेऊन आणणं झालं, आणि दिवस बुडता बुडता आक्का परत आली. विराजचा फोन लागत नव्हता. लोक म्हणाले, मोटारसायकलवर असेल, पोचेल एवढ्यात. दिवेलागण झाली. उन्हाळ्याचे दिवस, देह ठेवण्यासारखा नव्हता. भावकीतली जाणती माणसं हैबतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, आता किती थांबायचं. शेवटी चुलत पुतण्यानं अग्नी दिला. बाया ओळीनं बसल्या होत्या, पण गळा कुणी काढला नाही. जिला काढायचा होता तिनं तोंडाला पदर लावला.

विराज आला सकाळी. पाळीवर जाताना कारखान्याच्या दारात फोन जमा करावा लागायचा. मामानं सावकाश ये म्हटलं होतं, म्हणून त्यानं रात्रपाळी पुरी केली, सुट्टीचा अर्ज दिला, आणि वाटेत आजारी आईसाठी मोसंबी घेतली. वस्तीवर जळक्या वासात चारसहा माणसं बसली होती. छप्पर नसलेल्या घराकडं बघून तो जागच्या जागी थांबला.

"आई कुटाय?"

सुमनकाकीनं त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"मामा, फोनवर सांगायचं तरी."

"सांगितलं की रं," हैबत म्हणाला.

"आसं सांगत्यात व्हय?"

"आसंच सांगत्यात, बाळा. आदी एवड्यावर मानूस अनवानी पळत यायचा."

विराज मामाकडं बघत राहिला. त्याला राग आला होता, मग राग ओसरला, आणि मग त्याला समजलं की काल रात्री आई चितेवर असताना तो यंत्रावर उभा राहून नट आवळत होता. तो खाली बसला आणि त्यानं हंबरडा फोडला. दोन वर्षांत पठारावर कुणी असा आवाज काढला नव्हता. ओढ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. बसलेल्या माणसांतला एकजण सवयीनं म्हणाला, "फोन काडा रं त्याच्या खिशातला, दर चढतील," आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

हैबतनं फोन काढला नाही. त्यानं भाच्याला छातीशी धरलं आणि रडू दिलं. त्याला त्या रडण्याचा हेवा वाटला.

थोड्या वेळानं त्याच्या स्वतःच्या खिशात आवाज झाला. आक्काच्या कामाचे पैसे विराजच्या फोनवरून जायचे, म्हणून यंत्राच्या लेखी दोघांचं घर एकच होतं. आणि आक्काचं काम कुणी रद्द केलेलं नव्हतं.

"रंजना काळेल, जाळपट्टा," भावबाई गोड आवाजात म्हणाली. "या घराची निकड अतिशय वाढली आहे. नवा दर चौपट. हे काम आता पहिल्या क्रमांकावर आहे. आपण तिथं किती वेळात पोचाल?"

सगळे हैबतकडं बघायला लागले. त्यानं फोन तोंडाजवळ धरला.

"पोचलोय," तो म्हणाला.